काळ्या पडद्यावरचा लेहरा

सीक्वेन्सर म्हणजे सुरावट मांडून फिरवत ठेवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम. त्याला स्वतःचा आवाज नसतो, हे कळायला मला तीन रात्री लागल्या.

तिन्ही रात्री तेच. चिन्हावर क्लिक केलं की खिडकी उघडायची, सुरू करायचं बटण दाबलं की उभी रेघ सरकू लागायची, १६ मात्रा पुऱ्या झाल्या की परत समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायची. ऐकू मात्र काहीच यायचं नाही. आवाज वाढवून पाहिला, हेडफोन काढून परत लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला. रेघ आपली फिरतेय आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

मी तबला शिकते. त्यामुळे खरं तर ही गोष्ट माझ्या लक्षात आधीच यायला हवी होती. आमच्याकडे पढंत असते. कायदा, म्हणजे तबल्याची एक बांधीव रचना, वाजवण्याआधी वादक हाताने टाळी-खाली दाखवत बोल म्हणतो. कुठला बोल, किती वेळ, कुठे जोर, कुठे दम, सगळं त्या पढंतीत असतं, फक्त तबला नसतो. सीक्वेन्सरचंही तसंच आहे. आता ६१ नंबरची पट्टी दाब, एवढ्या जोराने दाब, आता सोड, असे निरोप तो वेळच्या वेळी धाडत राहतो. ते निरोप घेऊन आवाज काढणारा दुसरा प्रोग्राम लागतो, आणि माझ्या लॅपटॉपवर तो सुरूच नव्हता. पढंत चालली होती, तबलजी आलाच नव्हता.

घाई होती ती रविवारची. रविवारी काका येणार होते.

लेहरा म्हणजे काय, ते तबल्याशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. तबल्याचा सोलो चालू असतो तेव्हा शेजारी पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते, तालाच्या एका आवर्तनाएवढी. त्रितालाची १६ मात्रांची, झपतालाची १०, रूपकाची ७. तबलजीने मधल्या वेळात दीडपट करावी, पावणेदोनपट करावी, तिहाई घ्यावी, कुठेही हिंडून यावं. आपण कितव्या मात्रेवर आहोत आणि सम किती लांब आहे ते त्याला लेहऱ्यावरून कळतं. मैफलीत लेहरा धरणाऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण तो हलला की सगळंच हलतं.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका माझ्यासाठी लेहरा धरायचे. नोकरी बँकेत केली, पण पेटी चाळीस वर्षं वाजवली. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी ते खाली यायचे, चहा व्हायचा, आणि मग चंद्रकंस. तबल्याच्या लेहऱ्याला चंद्रकंस अगदी नेहमीचा. पाचच स्वर, त्यात गंधार-धैवत कोमल आणि निषाद शुद्ध. तो निषाद षड्जाकडे असा झुकतो की सम आपोआप ओढली जाते. काकांच्या लेहऱ्यावर वाजवायला मला फार मोकळं वाटायचं. माझे सर मात्र दर काही दिवसांनी म्हणायचे, 'समेच्या तोंडाशी आलीस की तू घाई करतेस.' मी ते माझ्या स्वभावाचं खातं समजून सोडून देत असे.

मग काकांचं नाशिकला मुलाकडे जायचं ठरलं. गुडघ्यांना जिने झेपेनात. निघायच्या आठवडाभर आधी मी त्यांना म्हटलं, ''काका, तुमचे लेहरे मला द्याल?''

''अगं, द्यायचं काय त्यात? तुझ्या वहीत लिहिलेले आहेत की.''

''वहीतले नकोत. तुमच्या हातचे हवेत.''

मोबाइलवर लेहऱ्याची ॲप आहेत आणि ती वाईट नाहीत. कित्येक विद्यार्थ्यांचा रियाज त्यांच्यावरच होतो. मला काकांचाच हात हवा होता, एवढंच. पेटीसमोर मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करता आलं असतं, पण मग लय तिथेच गोठते. आवाज ताणून लय थोडीफार बदलता येते, फार ताणलं की पेटीचा जीव जातो. मिडीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं ज्या भाषेत एकमेकांना निरोप देतात तिचं, तसं नाही. त्यात आवाज साठवलेलाच नसतो, बोटांच्या हालचालींची नोंद असते. म्हणून तीच नोंद विलंबित लयीत वाजवा, द्रुत लयीत वाजवा, काळी एकवरून काळी चारवर न्या, काही बिघडत नाही. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या नॅम प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँडचा ज्युपिटर-६, अशी दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलने जोडून दाखवली गेली. तेव्हापासून ही भाषा मूळची तीच आहे. एक पट्टी दाबल्याचा निरोप तीन बाइटचा. त्रितालाचा अख्खा लेहरा दोन-तीनशे बाइटमध्ये बसतो. मोबाइलवर येणाऱ्या एका शुभ सकाळच्या चित्रात असे शेकडो लेहरे मावतील.

चौथ्या रात्री मी चिन्हं सोडली आणि टर्मिनल उघडलं, म्हणजे आज्ञा टाइप करायचा काळा पडदा. माझ्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे आणि तिथे आवाजाचं काम अल्सा नावाच्या थरातून चालतं. 'ए-कनेक्ट' आणि पुढे 'डॅश ओ' असं लिहून एंटर दाबलं की निरोप घेऊ शकणाऱ्यांची यादी येते. त्या यादीत सीक्वेन्सर सोडला तर एकच नाव होतं, १४ क्रमांकाचं 'मिडी थ्रू'. हा नावाप्रमाणेच आहे. आलेला निरोप जसाच्या तसा पुढे सोडतो, स्वतः वाजवत काही नाही. तीन रात्री माझा लेहरा तिथे जात होता आणि पुढे घ्यायला कुणी नव्हतं. त्या दोन ओळी वाचल्यावर मला जो सुटकेचा श्वास आला तो अजून आठवतो. बिघाड काहीच नव्हता. ऐकणारं कुणी नव्हतं, आणि ते मला पहिल्यांदाच कुणीतरी स्पष्ट सांगितलं होतं.

सीक्वेन्सर बंद केला. आधी फ्लुइडसिंथ सुरू केला. हा प्रोग्राम निरोप घेऊन आवाज काढतो, आणि त्यासाठी त्याला साउंडफॉन्ट लागतो, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांच्या खऱ्या आवाजांचे नमुने एकत्र बांधलेली फाइल. मी वापरते ती सुमारे १४० एमबीची आहे. परत यादी मागवली. आता १४ च्या खाली १२८ आला होता आणि त्यापुढे फ्लुइडसिंथचं नाव. अल्सामध्ये आपण सुरू केलेल्या प्रोग्रामांना १२८ पासून पुढचे क्रमांक मिळतात, आधी येईल त्याला आधीचा. मग सीक्वेन्सर. मी सेक-६६ वापरते. जुन्या सेक-२४ चा तो वारस, छोट्या आवर्तनांच्या चौकटी मांडून त्या फिरवत ठेवायला केलेला, आणि लेहऱ्याला नेमकं तेवढंच लागतं. तो सुरू होताना आजूबाजूला कोण आहे ते बघून घेतो. वाजवणारा आधी बसलेला असेल तर त्याला ओळखतो. नंतर आलेल्याची तो दखल घेत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग पढंत.

रात्री पावणेबाराला खोलीत पहिला षड्ज वाजला. पियानोचा. पेटीच्या जवळचा आवाज हवा होता म्हणून यादी शोधली. १९९१ च्या जनरल मिडीत १२८ वाद्यांचे क्रमांक ठरलेले आहेत, त्यात २१ वा रीड ऑर्गन. फ्लुइडसिंथला २१ सांगितलं तर अकॉर्डियन वाजलं. तो शून्यापासून मोजतो, त्यामुळे त्याला २० सांगायचं. सांगितलं, आणि पत्र्यांचा तो ओळखीचा, थोडा नाकातला सूर आला.

रविवारी काका आले. भाचीचा छोटा यूएसबी कीबोर्ड मी मागून आणला होता. काका त्याच्यासमोर मांडी घालून बसले, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि डावा हात सवयीने मागे गेला. तिथे भाता नव्हता. हात हवेत थोडा रेंगाळला आणि गुडघ्यावर आला. नंतर तासाभरात तो कितीदा तरी तसाच मागे गेला.

'ए-रेकॉर्ड-मिडी', पुढे कीबोर्डचा क्रमांक २०:०, पुढे लय मिनिटाला ६०, पुढे टिकटिक कुठे वाजवायची तो पत्ता १२८:०, आणि शेवटी फाइलचं नाव. एवढी एक ओळ. एंटर दाबलं की टिकटिक सुरू होते आणि पडद्यावर दुसरं काहीच घडत नाही. लाल दिवा नाही, नाचणाऱ्या रेघा नाहीत. काकांनी मला विचारलं, ''घेतोय ना गं तो?'' मी मान हलवली. त्यांनी आठ मात्रा टिकटिक ऐकली, डोळे मिटले आणि लेहरा धरला. कंट्रोल आणि सी एकदम दाबलं की नोंद थांबते आणि फाइल लिहिली जाते. त्रितालाचे दोन, झपतालाचा एक, रूपकाचा एक. रूपक त्यांनी तीनदा करून घेतला, मनासारखा होईना म्हणून.

संध्याकाळी मी ती फाइल आकड्यांत उघडून पाहिली, आणि इथे मला जरा थांबायचंय.

सेक-६६ मुळात एका मात्रेचे १९२ भाग करतो. मिनिटाला ६० च्या लयीत एक भाग सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या हिश्शाएवढा. काकांचे बहुतेक सूर आपापल्या जागेपासून एक-दोन भाग इकडेतिकडे होते. चाळीस वर्षांच्या हाताचा नेमकेपणा असा आकड्यांत पाहिल्यावर हात जोडावेसे वाटले. फक्त सोळाव्या मात्रेवरचा निषाद प्रत्येक आवर्तनात ७ ते ९ भाग आधी येत होता, सेकंदाचा जवळजवळ पंचविसावा हिस्सा. एकदाही उशिरा नाही. आणि जोर: समेचा षड्ज ९५ च्या आसपास, खालीच्या मात्रेवरचा सूर ६० च्या घरात. पेटीत पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, तो भात्याने वाढतो. तरी डाव्या हाताने भरलेला जोर इतक्या वर्षांत उजव्या हाताच्या बोटांतही उतरला होता.

सीक्वेन्सरमध्ये क्वांटाइझ नावाची सोय असते. ती सगळे सूर उचलून जवळच्या नेमक्या जागेवर बसवते. बरेच जण नोंद घेतली की पहिलं तेच करतात. मी केलं नाही. लेहऱ्याची चौकट नेमकी असावी हे मला मान्य आहे, पण तो पुढे झुकलेला निषाद काढला असता तर उरलेला लेहरा वहीतलाच झाला असता.

मात्रेच्या तुकड्यांवरून आणखी एक. १९२ ला २, ३, ४, ६, ८ ने भाग जातो. ५ ने आणि ७ ने जात नाही. म्हणजे मात्रेत पाच किंवा सात बोल मांडायचे झाले तर त्यांच्या जागा अपूर्णांकात येतात आणि त्या जवळच्या भागावर ढकलल्या जातात. फरक दोन-तीन हजारांश सेकंदाचा, कानाला कळायचा नाही. पण लयकारी शिकणाऱ्या माणसाला ते बोचतं. १ ते १० पर्यंतच्या सगळ्या आकड्यांनी भाग जाईल अशी सगळ्यात लहान संख्या २५२० आहे, आणि प्रोग्राम सुरू करतानाच ओळीत हा आकडा देता येतो. मी पाचपट-सातपटीचे बोल ऐकून बघायला बसते तेव्हा तो देते. मग पाचही बोल ५०४-५०४ वर आणि सातही ३६०-३६० वर चोख बसतात. बघून बरं वाटतं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने मी रोज पहाटे सगळ्या ओळी हाताने लिहीत असे. साडेपाचला तबल्याची गादी मांडायची, शाई आणि वादी बघायची, काळी एकवर सूर लावायचा आणि त्याच वेळी एकेक ओळ. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनाही मी हेच सांगेन, निदान महिनाभर हाताने लिहा. ओळ लिहिली की तो प्रोग्राम तिथल्या तिथे काहीतरी बोलतो. एकदा आवाजात तडतड यायला लागली. फ्लुइडसिंथ सुरू होताना एक ओळ दाखवत होता: आपलं काम अग्रक्रमाने करण्याची परवानगी मिळाली नाही. चिन्हावरून सुरू केलं असतं तर ती ओळ मला दिसलीच नसती. माझं खातं ऑडिओ गटात नव्हतं. या गटाला अग्रक्रमाची परवानगी देणारी छोटी फाइल असते, तिथे ९५ ची मर्यादा लिहिलेली असते. गटात नाव घातलं, बाहेर पडून परत आत आले, तडतड गेली.

कीबोर्डवर कुणी समोर बसून वाजवणार असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते, पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, २५६ नमुन्यांचा एक घास आणि असे दोन घास आधी भरून ठेवायचे, तर हा वेळ सेकंदाच्या १०-११ हजारांश होतो. तेवढ्यात आवाज हवेतून साडेतीन मीटरच्या थोडं पुढे जातो. म्हणजे पेटीवाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखं. चालतं. नुसता लेहरा फिरवून त्यावर तबला वाजवायचा असेल तेव्हा तर घास खुशाल मोठा ठेवावा, तडतडीची भीतीच राहत नाही.

पुढे सगळ्या ओळी एका फाइलीत घातल्या. आता 'लेहरा' एवढंच लिहून एंटर दाबते. त्या फाइलीतली माझी सगळ्यात आवडती ओळ दोन सेकंद थांबायला सांगणारी आहे. ती नव्हती तेव्हा जोडणीची आज्ञा लगेच धावायची, फ्लुइडसिंथ अजून १४० एमबी उचलत असायचा, आणि जोडायला समोर कुणी सापडायचं नाही. दोन सेकंद थांबलं की तो बसलेला असतो. एका सकाळी तेही पुरलं नाही. दुसरा एक प्रोग्राम रात्रीपासून चालू राहिला होता, त्याने १२८ घेतला होता, फ्लुइडसिंथला १२९ मिळाला आणि माझी ओळ अजूनही १२८ लाच जोडत होती. त्या दिवसापासून क्रमांकाऐवजी नाव लिहिते. नावाने हाक मारली की कितव्या जागेवर बसलाय याने फरक पडत नाही.

सुरांचं एक राहिलं होतं. लॅपटॉपची पेटी समान अंतरांची, १२ सारखे भाग केलेली. काकांची पेटी त्यांनी काळी एक धरून कानाने लावून घेतलेली होती, आणि तिचा कोमल गंधार तंबोऱ्यात विरघळायचा. फ्लुइडसिंथला एकेक पट्टी सेंटमध्ये सांगता येते, शंभर सेंट म्हणजे एक पट्टी. काळी एकचा षड्ज ६१, म्हणजे ६१०० सेंट. कोमल गंधार ६४ व्या पट्टीवर, समान अंतराने ६४००. षड्जाशी ६:५ च्या नात्यात हवा असेल तर तो सुमारे ६४१६ वर न्यावा लागतो. कोमल धैवत ६९०० वरून ६९१४ वर, शुद्ध निषाद ७२०० वरून खाली ७१८८ वर. तीन सूर, तीन ओळी. त्या लिहून तंबोरा लावला आणि लेहरा सोडला तेव्हा घासणारं काहीतरी खोलीतून निघून गेल्यासारखं झालं.

काका दिवाळीनंतर चार दिवस पुण्यात आले होते. सकाळी खाली आले, चहा झाला. मी टर्मिनलमध्ये 'लेहरा' लिहिलं. दोन सेकंद शांतता, मग चंद्रकंस. काकांनी मांडीवर टाळी धरली, चार-पाच आवर्तनं ऐकली. गंधारावर मान हलली. मग ते ताठ बसले आणि सोळाव्या मात्रेची वाट बघायला लागले. एकदा. दोनदा.

''हा निषाद मी लवकर घेतोय.''

''हो काका. नेहमीच घेता.'' मी त्यांना आकडे दाखवले. ७, ८, ८, ९, ७.

ते बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. ''आणि तू यावर रोज वाजवतेस?''

''रोज.''

''तुझे सर म्हणतात ना, समेवर घाई करतेस म्हणून?''

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून आणि वर्षभर या फाइलीवर, मी त्या निषादाबरोबर समेकडे झुकत होते.

''तो कीबोर्ड आहे का अजून?'' काका म्हणाले. ''आण. हे खोडू नकोस, पण एक नीट घे.''

मी कीबोर्ड आणला, परत तीच ओळ लिहिली, फाइलच्या नावापुढे २ जोडला आणि एंटर दाबण्याआधी त्यांच्याकडे पाहिलं. उजवा हात पट्ट्यांवर तयार होता. डावा मागे जाऊन भाता शोधत होता.